मटणाचं-दुधाचं वेगळं ठेवूनही पुन्हा पुन्हा घोळ होतोय? आधी मिक्सरचा जार बघा

ज्यांच्या घरी कोशेर, म्हणजे यहुदी धर्माचे खाण्यापिण्याचे नियम, पाळतात त्यांना हा प्रॉब्लेम समजावून सांगायला नको. पातेल्यांचे दोन सेट, ताटं-वाट्या दोन सेट, चमचे दोन वेगळ्या ड्रॉवरमध्ये, सगळं नीट लावलेलं, तरी दर थोड्या दिवसांनी किचनमधून आवाज येतोच, अगं ही सुरी कुठली, या वाटीत काल काय होतं, आणि मग अर्धा स्वयंपाक थांबवून रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, नाहीतर मशिदीतल्या (सिनेगॉगला आपण मशीदच म्हणतो) प्रार्थना चालवणाऱ्या हझानना फोन. त्या दिवसापुरतं निस्तरतं आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मी ठाण्यात राहते, एक ओटा, एक सिंक, एक मिक्सर, आणि आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घरांपैकी खूपशी किचनं अशीच आहेत. इस्रायलमध्ये अश्दोद किंवा दिमोनाला ज्यांच्याकडे दोन सिंक आहेत त्यांचं थोडं सोपं असतं, तरी खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्यांनाही लागू आहे कारण वाटण तिकडेही आपलंच असतं.

माझं म्हणणं असं आहे की घोळ मटणाच्या पातेल्यात नसतो आणि दुधाच्या पातेल्यातही नसतो, त्या दोघांना आपण डोळ्यात तेल घालून सांभाळतो. घोळ होतो तो दोन्हीकडे ये-जा करणाऱ्या वस्तूंमुळे. वाटण, सुरी, विळी, सांडशी, घासणी, मिठाची बरणी, पोळ्यांचा डबा. या वस्तू कुणाच्याच नाहीत असं आपण धरून चालतो म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही, आणि सगळा प्रवास त्यांच्यातूनच होतो.

ज्यांना मुळातून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको, हे वाक्य तोरामध्ये, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथात, तीन वेळा आलंय, निर्गम 23:19, निर्गम 34:26 आणि अनुवाद 14:21. त्यावरून मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, एकत्र खायचं नाही आणि अशा शिजवलेल्या अन्नाचा दुसरा कसला फायदाही घ्यायचा नाही, असं ठरलं. कोंबडी पुढे रब्बींनी याच्यात धरली. तिसरा गट पारवे, म्हणजे भाज्या, डाळी, तांदूळ, फळं, अंडी, नारळ, तेल आणि खवले-पर असलेले मासे. पारवे दोन्हीबरोबर चालतं (मासे मात्र मांसाबरोबर एकत्र शिजवत-खात नाहीत), पण पारवे ते पारवे राहिलं तर.

आता पारवे बिघडतं कधी? घरात वाद झाला की हे तीन प्रश्न विचारायचे. गरम होतं का? उग्र होतं का? ओल्यात चोवीस तास पडून होतं का? तिन्हीला नाही असं उत्तर असेल, म्हणजे थंड, कोरडं आणि सौम्य, तर बहुतेक वेळा स्वच्छ धुतलं की झालं. उगाच घाबरायचं नाही. पण तिघांपैकी एकालाही हो आलं तर थांबायचं. यातला उग्रपणाचा प्रश्न आपल्या स्वयंपाकात सगळ्यात जास्त येतो आणि नेमका तोच लोकांना माहीत नसतो.

वाटण, जार आणि सुरी

उग्र म्हणजे कांदा, लसूण, आलं, हिरवी मिरची, मुळा, लिंबू. योसेफ कारोंनी शुल्हान आरूख हा यहुदी नियमांचा ग्रंथ लिहिला, तो 1565 मध्ये व्हेनिसला छापला गेला, त्यातल्या योरे देआ नावाच्या भागाच्या 96 व्या प्रकरणात मटणाच्या सुरीने मुळा कापला तर काय, हाच विषय आहे. साधी काकडी स्वच्छ सुरीने कापली तर विशेष काही होत नाही, पण उग्र वस्तू सुरीच्या दाबाखाली आली की सुरीत मुरलेली चव ती ओढून घेते असं धरतात. आणि इथे अजून एक गोष्ट आहे, एरवी भांडं चोवीस तास वापरलं नसेल तर त्यात मुरलेली चव बिघडलेली धरतात आणि नियम सैल होतो, उग्र वस्तूला ती सवलत मिळत नाही कारण ती बिघडलेली चवही जागी करते. म्हणजे परवा मटण कापलेली सुरी, धुतलेली, चकचकीत, तिने आज कांदा कापला तर तो कांदा मटणाकडचा. मग तो कोशिंबिरीत दह्याबरोबर गेला की झाला घोळ. मटणाला हात लागला नाही, दुधाच्या भांड्याला मटण लागलं नाही, तरी झाला.

आता मिक्सरचा विचार करा. आलं-लसूण-मिरची आणि भाजलेला कांदा-खोबरं, त्यातलं बहुतेक सगळं उग्र, आणि फिरतं कशात तर एकाच चटणीच्या जारमध्ये. मिक्सरबरोबर सहसा तीन जार येतात, मोठा, मधला आणि चटणीचा, आणि बऱ्याच घरी मोठा मटणाला, मधला दुधाला, छोटा पारवे अशी वाटणी करतात. ऐकायला छान वाटतं पण टिकत नाही. कारण रोजच्या कामाला लागतो छोटाच. वाटीभर हिरवं वाटण मोठ्या जारमध्ये फिरतच नाही, सगळं भिंतीला जाऊन चिकटतं, मग घाईच्या वेळी हात छोट्याकडेच जातो आणि तिथून ती वाटणी कागदावरच राहते.

मी सांगते तो उपाय साधा आहे. वाटण घरात फक्त पारवे करायचं, बस. मटणाचं वाटण असं काही नसतं, मटणात घालायचं वाटण असतं. जार पारवे, आतला चमचा पारवे, झाकण पारवे, आणि जारमधून वाटण आधी एका पारवे वाटीत काढायचं, मग ती वाटी पातेल्याजवळ न्यायची. जार उचलून थेट उकळत्या रश्श्यावर उपडा करायचा नाही, कारण खालून येणारी वाफ जारच्या तोंडाला लागते, आणि जारमध्ये पाणी घालून खळखळवून तेही पातेल्यात ओतायची जी आपली सवय आहे ना, त्यात जार पातेल्यावर मिनिटभर तसाच धरलेला असतो. ते पाणीसुद्धा वाटीतच ओता. आणि सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे तो चमचा, ज्याने रस्सा हलवला आणि अजून थोडं वाटण लागेल म्हणून तोच पुन्हा जारमध्ये घातला. तिथे सगळा जार गेला. म्हणून जारमध्ये जाणारा चमचा वेगळ्या आकाराचा ठेवा, मी आइस्क्रीमचा लांब दांड्याचा चमचा ठेवलाय, तो रस्सा हलवायला कुणी घेतच नाही.

ज्यांना लस्सी, मिल्कशेक, लोणी मिक्सरमध्ये काढायची सवय आहे त्यांनी त्यासाठी वेगळा जार घ्याच, त्या कंपनीचा सुटा जार मिळतो. मोटरचं खालचं युनिट एकच चालतं, ते थंड आणि कोरडं असतं, फक्त वर सांडलेलं पुसून घ्या. जारच्या झाकणातली रबरी रिंग मात्र काढून बघा कधीतरी, तिच्या मागे जे साठलेलं असतं ते बघितलं की कळेल मी एवढं का सांगतेय. आणि जार नवा आणला की तो धातूचा असल्यामुळे वापरायच्या आधी मिकवेत, म्हणजे शुद्धीच्या कुंडात, बुडवून घ्यायचा असतो, समुद्रही चालतो, आपल्या कोकणातल्या लोकांना त्याची अडचण नाही.

विळीचंही हेच. विळीवर कांदा, विळीवर मासळी, काही घरी चिकनचे तुकडेही विळीवर, आणि त्याच विळीच्या टोकाला खवणी, तिच्यावर नारळ. नारळ आपल्याकडे दुधाची जागा घेतो, सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात होतो, मलिद्यात पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं, सगळं पारवे, म्हणूनच मटणाच्या जेवणानंतरही हे बिनधास्त खाता येतं. ती खवणी जर चिकनच्या विळीला असेल तर हलव्याचं पारवेपण संशयात येतं. चिकन-मटण विळीवर आणूच नका, त्याला सुरी आणि प्लास्टिकचा बोर्ड वेगळा. इस्रायलमध्ये लाल मटणाला आणि निळा दुधाला अशी सर्रास पद्धत आहे, हिरवा पारवेला, तेच रंग आपणही घ्यावेत म्हणजे तिकडून नातेवाईक आले की त्यांना सांगावं लागत नाही.

दूध उतू जाणं आणि शेजारचा कुकर

इस्रायलमधल्या पुस्तकांत हे फारसं सापडणार नाही कारण तिकडे रोज दूध तापवत नाहीत. आपल्याकडे पिशवीचं दूध आलं की तापवायचंच, आणि तापवायचं तर उतू जाणारच. शेजारच्या बर्नरवर मटणाचं पातेलं असेल तर ओट्यावरून वाहत आलेलं दूध त्याच्या बुडाला लागतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे शिंतोडे कडेवर उडतात. उलटं पण होतं, मटणाचा कुकर शिट्टी करतो आणि तो सगळा फवारा शेजारच्या उघड्या दुधाच्या पातेल्यात.

यावर बंदोबस्त वेळेचा करायचा, जागेचा नाही. बर्नर वाटून घेतले तरी शेगडीवरचं अंतर वीतभरच असतं. त्यामुळे नियम एकच, मटण गॅसवर असताना दूध गॅसवर चढवायचं नाही. दूध सकाळी सगळ्यात आधी तापवून, झाकून, बाजूला. संध्याकाळी मटण शिजत असताना चहा हवाच असेल तर कोरा किंवा लिंबाचा. आमच्याकडे पाहुण्यांनाही कोराच मिळतो आणि त्यात गवती चहा घातला की कुणी तक्रार करत नाही.

समजा झालंच, दूध उतू जाऊन गरम मटणाच्या पातेल्यावर गेलं. तर पहिली गोष्ट गॅस बंद. दुसरी, ढवळायचं नाही. झाकण ठेवायचं नाही. घाईघाईने पुसून, धुवून मोकळं व्हायचं नाही. दूध साधारण किती होतं, पातेल्यात काय आणि किती होतं, दूध आत पडलं की बाहेरून लागलं, बाहेरून लागलं तर रश्श्याच्या पातळीच्या खाली की वर, एवढं बघून ठेवायचं आणि मग फोन करायचा. शक्य असेल तर फोटो काढून ठेवा, रब्बींना तेच विचारायचं असतं. साठाव्या भागाचा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो, म्हणजे चुकून पडलेल्या दुधाच्या साठपट तरी बाकीचं असेल तर दूध विरलं असं धरतात. दीड लिटर रस्सा असेल तर तो हिशोब येतो 25 मिलीचा, म्हणजे दोन मोठे चमचेसुद्धा नाही. पण हा हिशोब आपण ओट्याशी उभं राहून करायचा नाही, बाहेरच्या बाजूला पडलं तर गोष्ट वेगळी होते, आणि मुद्दाम पाणी वाढवून साठपट करायला तर परवानगीच नाही.

इथेच सांडशी. आपल्या टोपांना कान नसतात, सांडशीने काठ धरून उतरवतो, सांडशीचं टोक काठाच्या आत जातं आणि गरम रस्सा तिला लागतो. मग तीच सांडशी दुधाच्या पातेल्याला. उकळतं दूध, गरम सांडशी, वर मटणाचा ओघळ. मी ज्यांच्या ज्यांच्या किचनमध्ये बघितलंय तिथे पातेली दोन, पळ्या दोन, झारे दोन आणि सांडशी एकच. दुसरी सांडशी आणायला काही पैसे पडत नाहीत, आणि दोन्ही एकाच खिळ्याला टांगू नका, एक गॅसच्या डाव्या बाजूला, एक उजव्या.

कुकरमध्ये डबे लावायची पद्धत पण बघा. खालच्या डब्यात मटण, वरच्या डब्यात भात, झाकण एक, वाफ एक. तो भात मटणाकडचा झाला. रात्री तो उरला आणि कुणी दहीभात कालवला तर अडचण. त्याहून नाजूक प्रश्न असा की मटणाच्या कुकरमध्ये, नीट धुतलेल्या, नुसताच भात लावला, मटण नव्हतंच, तर तो दह्याबरोबर चालेल का. यात सेफार्दी आणि अश्केनाझी या यहुद्यांच्या दोन परंपरांच्या मतांत फरक आहे, कारो सौम्य आहेत आणि क्राकोचे मोशे इसर्लेस, ज्यांना रमा म्हणतात, ते कडक. आपल्याकडे बहुतेक घरं सेफार्दी रीतीने चालतात, तरी मुद्दाम दह्यासाठी म्हणून मटणाच्या कुकरमध्ये भात लावू नये हेच बरं. एकदा आपल्या रब्बींना विचारून घरची रीत ठरवून टाका आणि मग दर वेळी तोच वाद उकरून काढू नका. खरा उपाय विचाराल तर एक छोटा दोन लिटरचा कुकर पारवे म्हणून घ्या, भात-वरण त्यातच, आयुष्य बदलतं.

तूप, पोळ्या, फोडणी

तूप दुधाचं आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण तूप हाताला इतकं सवयीचं असतं की ते दूध म्हणून डोळ्यासमोर येत नाही. पोळी तव्यावरून उतरली की तुपाचं बोट फिरलंच. मग त्या पोळ्या डब्यात, डब्याच्या बुडाला फडकं, फडक्याला तूप, आणि तोच डबा रात्री मटणाबरोबर टेबलावर. दर शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, हे होत असेल आणि कुणाच्या लक्षात येत नसेल अशी कितीतरी घरं असतील.

शुल्हान आरूखमध्ये याबद्दल थेट सांगितलंय, योरे देआ 97, कणीक दुधात मळू नये, कारण भाकर आपण कशाबरोबरही खातो आणि विसरून मटणाबरोबर खाऊ. मळायचीच असेल तर थोडीच मळा, किंवा आकार असा वेगळा ठेवा की बघताक्षणी कळेल. हे आपल्याला चपखल बसतं. कणकेत दूध किंवा तुपाचं मोहन घालू नका, तेल घाला, पोळीला वरूनही तेलच, आणि ज्याला तूप हवं त्याने आपल्या ताटात घ्यावं, अर्थात मटण नसेल त्या जेवणाला. मुलांना पुरणपोळी तुपाची हवी असते तर ती वेगळ्या डब्यात, आणि मी तिची घडी त्रिकोणी घालते, साधी पोळी गोलच राहते. पाव बेकरीतून आणता तर वरून बटर किंवा दूध लावलंय का ते विचारा, खारी आणि नानकटाईचं तर विचारूच नका, त्यांच्यात काय काय असतं ते प्रत्येक बेकरीवाल्याचं वेगळं.

फोडणीचं कढलं पण दोन करा. वरणाला तुपाची फोडणी आणि मटणाला तेलाची फोडणी एकाच कढल्यात होत असेल तर त्यात लसूण, मिरची, कढत तेल, म्हणजे गरमही आणि उग्रही. किंवा तुपाची फोडणीच बंद करा, मी बंद केली आणि सुटले.

पॅकेटवरच्या हिरव्या ठिपक्याबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. भारतात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि त्यात दूध येतं. तो पारवेचा ठिपका नाही. उलट अंडं पारवे असूनही अंड्याच्या पदार्थावर मांसाहाराचं चिन्ह असतं. म्हणून ठिपका बघून निर्णय घेऊ नका, मागे घटक वाचा, दूध भुकटी, व्हे, केसीन, मिल्क सॉलिड्स, बटर ऑइल, यातलं काहीही दिसलं की ते दुधाकडे. बिस्किटं, सूपची पाकिटं, तयार मसाल्यांची काही पाकिटं यात हे असतं. आणि पॅकेटमधून काढून डब्यात भरलंत तर डब्यावर लिहा, कारण पॅकेट फेकल्यावर कुणालाच आठवत नाही.

मटण मुरवायला दही नाही हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पक्कं आहे, नारळाचं दूध, कोकम, चिंच यावर आपलं छान भागतं. नारळाच्या दुधातलं मटण बघून बाहेरच्याला शंका येईल का, असंही काही जण विचारतात. रमांनी सोळाव्या शतकात बदामाच्या दुधाबद्दल लिहिलंय की मांस त्यात केलं तर जवळ बदाम ठेवावेत, म्हणजे बघणाऱ्याला ते गाईचं दूध वाटणार नाही. आपल्याकडे पांढऱ्या रश्श्यात नारळ असतो हे शेजारपाजारच्या सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे घरात तरी मला यात अडचण दिसत नाही, पण नवा यहुदी पाहुणा परदेशातून आला असेल तर आधी सांगून टाका, त्याचा घास अडकायला नको.

एक सिंक

सिंक एकच असेल तर सिंकच्या तळाला कुणाचाच मान ठेवायचा नाही, म्हणजे तो बिघडलेलाच आहे असं धरून चालायचं. भांडी थेट तळावर ठेवायची नाहीत. लाल आणि निळ्या अशा दोन प्लास्टिकच्या जाळ्या किंवा दोन टब घ्या, जे धुवायचं त्याची जाळी आत, दुसरी बाहेर. दोन्हीकडची खरकटी भांडी एकत्र भिजत घालायची नाहीत, कधीच नाही, रात्रभर तर नाहीच, तो वरचा चोवीस तासांचा प्रश्न इथे येतो आणि त्यात गरम पाणी पडलं तर चोवीस तास लागतही नाहीत. घासण्या दोन, आणि त्यांच्या वड्यांच्या किंवा लिक्विडच्या वाट्याही दोन, कारण घासणी वाटीत बुडते. भांडी पुसायची फडकी रंगाने वेगळी. चहाची गाळणी निळ्या बाजूला, तिला मटणाच्या स्टॉकला वापरू नका, जाळीतलं कधीच पूर्ण निघत नाही.

स्टीलची सगळी भांडी सारखीच दिसतात हा आपला खास प्रॉब्लेम. नेलपॉलिशचा ठिपका काथ्याने घासून जातो, स्टिकर पाण्याने जातो. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहेच, भांड्यांच्या दुकानात मशीनने दोन मिनिटांत कोरून देतात, तिथेच आजीचं नाव आणि लग्नाची तारीख असायची, त्याच जागी म आणि द कोरून घ्या. काठाच्या बाहेरून, बुडाला नाही, कारण भांडं भरलेलं असताना बूड बघता येत नाही. झाकणावर पण घाला, झाकणं सगळ्यात जास्त फिरतात. अजून एक करता येतं, मटणाला सगळी कानाची किंवा दांड्याची भांडी आणि दुधाला सगळे सपाट टोप, म्हणजे अंधारातही हाताला कळतं.

भांडी घासायला ताई येत असतील तर त्यांना पूर्ण नियम सांगत बसू नका, त्या अजून चार घरी जातात आणि प्रत्येक घरचं वेगळं असतं. लाल ते लाल, निळं ते निळं, आणि रंग नसलेलं काही दिसलं तर न घासता बाजूला ठेवा, एवढंच. हे शेवटचं महत्त्वाचं, आणि ते विचारल्याबद्दल त्यांच्यावर कधी वैतागू नका, नाहीतर पुढच्या वेळी त्या विचारणार नाहीत, घासून मोकळ्या होतील.

फ्रिजचं फारसं काही नाही, तिथे सगळं थंड असतं. फक्त कोपरा कापलेली दुधाची पिशवी उभी ठेवतो ती हमखास गळते, तिला एका पातेल्यात ठेवा आणि उरलेल्या मटणाच्या वरच्या कप्प्यात ठेवू नका. मायक्रोवेव्ह एकच असेल तर सगळं झाकूनच गरम करायचं आणि खाली आपापली प्लेट. ओव्हनमध्ये दोन्ही एकाच वेळी कधीच नाही. टेबलावर एक जण मटण आणि दुसरा दही खात असेल तर मध्ये काहीतरी ओळखीची वस्तू किंवा वेगवेगळी मॅट हवी, आणि मीठ दोघांना वेगळं. मीठ म्हणजे टेबलावरचंही आणि गॅसजवळचंही, उकळत्या मटणावर बरणी धरून चमच्याने मीठ टाकायचं आणि ओला चमचा पुन्हा बरणीत, हे बंद करा, हातात घेऊन टाका.

बिघडलेलं भांडं

रब्बींनी सांगितलं की भांडं कोशेर करून घ्या, तर स्टीलच्या भांड्याला हगाला. आधी पूर्ण स्वच्छ, काठाच्या वळलेल्या भागात, दांड्याच्या रिव्हेटभोवती काही राहिलं नाही असं, मग चोवीस तास न वापरता ठेवायचं, मग मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळत असताना त्यात पूर्ण बुडवायचं, आणि बाहेर काढून गार पाण्याने धुवायचं. पाणी उकळायचं थांबलं असेल तर उपयोग नाही, गडबडीत हेच चुकतं, मोठी वस्तू घातली की पाणी गार पडतं आणि आपण थांबत नाही. तवा, जाळी असलं जे थेट विस्तवावर कोरडं वापरलं जातं त्याला विस्तवच लागतो, लिबून. लाकडी पोळपाटाला चिरा असतील तर नवा घ्या. काचेबद्दल सेफार्दी रीत सोपी आहे, काच शोषत नाही म्हणून धुतली की पुरतं, अश्केनाझी घरांत तसं नाही. जारचं म्हणाल तर पात्यांखालच्या बेअरिंगमध्ये हात पोचत नाही, त्यामुळे हगाला करायला घेण्यापेक्षा नवा जार परवडतो.

बऱ्याच ठिकाणी एक भांडं मटणाकडून दुधाकडे सारखं फिरवत राहायला मनाई करतात, आज हगाला करून दुधाला, उद्या परत मटणाला, हे केलं की पुन्हा गोंधळ सुरू. पेसाहच्या सणाआधी सगळंच भांडंकुंडं निघतं, बाजू बदलायची असेल तर तेव्हा बदला, आणि बदलल्या बदलल्या त्या दुकानात नेऊन जुनं अक्षर खोडून नवं घालून आणा.

माती आणि चिनीमातीला इलाज नाही. तोरामधल्या लेवीय या पुस्तकातच आहे, मातीचं भांडं फोडायचं, तांब्याचं घासून धुवायचं. म्हणून महागाचे चिनीमातीचे बाउल दोन्हीकडे लागतील अशा आशेने घेऊ नका, आणि जो बिघडलाय तो कपाटात मागे जपून ठेवू नका, सणाच्या दिवशी भांडी कमी पडली की नेमका तोच बाहेर येतो.